दुपारचा कंप

लेक चालायला लागली त्या दिवशी बापाने टाळ्या वाजवल्या नाहीत. ते आतल्या खोलीतून घाईघाईने बाहेर आले आणि बायकोला म्हणाले, तिला टाच न टेकवता चालायला शिकव, यंत्रावर दिसतंय. लेक शिकली. तिला शिकवता शिकवता आईही शिकली. पुढे दोघी घरात अशा वावरायला लागल्या की दारातल्या दूधवाल्यासमोर अचानक पातेलं यायचं आणि तो दचकायचा. गल्लीने आईचं नाव ठेवलं मांजरकाकू. नवऱ्याचं नाव त्याआधीच पडलं होतं, भूकंपराव. त्यांना आपल्या नावाचा राग यायचा. काकूंना मात्र आपलं नाव कधी खटकलं नाही. आपण कशा चालतो हे निदान कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

भूकंपराव वीज कंपनीत मीटर वाचायचे. नोकरीची सगळी वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून, कोळिष्टकं बाजूला सारून, फिरणारी चकती आणि आकडे बघण्यात गेली. कुठेही काटा हलताना दिसला की थांबायचं, हा स्वभावच होऊन बसला होता. आणि गावामागे डोंगर होता. आजोबांच्या लहानपणी तो एकदा फुटला होता. वर धूर, गावभर राख, आणि एका अंगाने खाली उतरलेला तापलेला दगड. दगड निवल्यावर लोकांनी त्याचीच घरं बांधली आणि डोंगर जो गप्प बसला तो बसलाच. कधी वरच्या झऱ्याचं पाणी कोमट यायचं, कधी वाऱ्याबरोबर विझलेल्या काडीचा वास. बाकीच्यांना त्याची सवय झाली, भूकंपरावांना झाली नाही. सरकारी वेधशाळा लांब शहरात होती, डोंगरावर तिचं एकच यंत्र, तेही येता जाता बंद पडणारं. उद्या हा पुन्हा जागा झाला तर गावाला सांगणार कोण, असं ते विचारायचे. प्रश्न खोटा नव्हता. काकूंनीही तो कधी खोटा मानला नाही.

फक्त त्या प्रश्नाला एक खोली लागली. मागची, खालच्या मजल्यावरची, सकाळपासून उजेड असलेली. लग्न होऊन आल्यावर काकूंनी त्या खोलीच्या खिडकीशी आपलं शिवणयंत्र मांडलं होतं, पायाने चालवायचं, माहेरून आणलेलं. भूकंपरावांनी तिथली फरशी उखडली, काळा खडक लागेपर्यंत खणलं आणि त्या खडकावर काँक्रीटचा ओटा बांधला. ओट्यावर लोखंडी सळई, सळईच्या टोकाला शिशाचं वजन, शेजारी लोहचुंबक आणि जळलेल्या पंख्यातून काढलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. जमीन हलली की वजन मागे राहायचं, तारेत वीज जागी व्हायची आणि रेघ उमटायची, आधी कागदावर, पुढे कंप्युटरच्या पडद्यावर. ती तार त्यांनी स्वतः गुंडाळली होती. तेवढ्या सुखात ते पुन्हा कधी दिसले नाहीत.

यंत्र बसलं आणि घराला नियम लागले. दार ढकलायचं नाही, टेकवायचं. पाहुण्यांनी बसायचं, फिरायचं नाही. पाळणा हलवायचा नाही, कारण पाळण्याचा झोका रेघेवर स्पष्ट उठायचा. लेक आईच्या मांडीवर झोपून मोठी झाली आणि काकूंची कंबर तेव्हापासून जी धरली ती धरलीच. आणि शिवणयंत्र. आधी ते वर गेलं. वरूनही रेघेवर दिसलं. मग त्याला वेळ ठरवून मिळाली. वेळ आखडत गेली. शेवटी एकदा भूकंपराव म्हणाले, तो खटारा एकदाचा देऊन टाक कुणाला तरी. दिला, असं काकूंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. यापलीकडे भूकंपरावांनी काही विचारलं नाही.

शिवणयंत्र गेलं होतं शेजारी, नर्सबाईंकडे. नर्सबाई एकट्या, निवृत्त, एका कानाने कमी ऐकणाऱ्या, त्यामुळे त्यांचा रेडिओ कायम मोठ्याने. त्यांच्या मागच्या खोलीला फरशीच नव्हती. घर बांधताना खडक मध्ये आला तो तसाच ठेवून वर जाजम अंथरलेलं. तिथे ते शिवणयंत्र उभं राहिलं. जेवणं आटोपली की काकू म्हणायच्या, नर्सबाईंकडे बसून येते, आणि भूकंपराव मनापासून म्हणायचे, जा, निवांत जा. गिऱ्हाइकं नर्सबाईंच्या दारात यायची. परकर, पडदे, उशांचे अभ्रे, शाळांचे गणवेश. अख्ख्या गल्लीला माहीत होतं. भूकंपरावांच्या अंगावरचे शर्टही तिथेच शिवलेले असायचे. बाजारात स्वस्त मिळाला, असं काकू सांगायच्या आणि ते बाही वर करत म्हणायचे, हल्ली कपडा बरा मिळतो.

मग कंप सुरू झाला.

भूकंपरावांनी तो फार दिवस कुणाला सांगितला नाही. आधी खात्री केली. दुपारी, घर शांत असताना, रेघेवर एक दाट पट्टा उमटायचा. भूकंपासारखा एकदम उठून विरणारा नाही, तर हळूहळू चढणारा, एका लयीत चालणारा, थांबणारा, पुन्हा चालणारा. डोंगराच्या पोटात वाफ किंवा वितळलेल्या दगडाचा रस हलायला लागला की असाच कंप येतो, हे त्यांनी वाचलं होतं. दुपारीच का, याचंही उत्तर त्यांनी शोधलं. सकाळ-संध्याकाळ घरात वावर असतो, त्यात डोंगराचा आवाज बुडतो. दुपारी बायको शेजारी जाते, घर रिकामं होतं आणि डोंगर ऐकू येतो. हे उत्तर त्यांना इतकं पटलं की त्यांनी ते पुन्हा तपासलंच नाही. देशोदेशींचे असेच घरगुती यंत्रवाले इंटरनेटवर आपापल्या रेघा एकमेकांना दाखवायचे. तिथे त्यांनी आपली रेघ टाकली, खाली लिहिलं ‘दुपारचा कंप’. लोकांनी वाहवा केली.

एका संध्याकाळी त्यांनी काकूंना खोलीत बोलावलं. काही सांडलंय का बघायला नाही, रेघ दाखवायला. लग्नाला तेव्हा किती वर्षं झाली होती कोण जाणे, पण असं बोलावणं हे पहिलं. काकू पदराला हात पुसत पडद्यासमोर उभ्या राहिल्या. भूकंपराव बोटाने दाखवत होते, हा बघ दाब वाढला, हा सुटला, हा पुन्हा वाढला. काकूंनी बघितलं. एक लांब पट्टा, मग थोडी सपाट रेघ, मग तेवढाच लांब पट्टा. त्यांनी त्या दुपारी मुख्याध्यापिकाबाईंचे पडदे शिवले होते. पडद्याची उभी शिवण लांब असते, टोकाला आलं की पाय थांबवून कापड फिरवावं लागतं. पुढे बारीक बारीक तुकडे होते, त्या वरच्या चुण्या. आणि मध्येच रेघ बराच वेळ अगदी सपाट होती. तेव्हा नर्सबाईंनी चहा आणला होता आणि आपल्या भावजयीची कागाळी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली होती.

सांगायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात भूकंपरावांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि म्हणाले, बस ना. त्या खोलीत कुणाला बसायला मिळत नसे. काकू बसल्या. ते कितीतरी वेळ बोलत राहिले, मग स्वतः उठून चहा केला, दोघांचा. त्यांच्या आवाजातला हा ओलावा काकूंनी एकदाच ऐकला होता, तार गुंडाळत असताना, आणि तेव्हा तो तारेसाठी होता. आता सांगितलं तर स्टूल जाईल, चहा जाईल आणि वर शिवणयंत्राचं खोटं उघडं पडेल. त्या गप्प राहिल्या.

एकदा गप्प बसलेलं माणूस दुसऱ्यांदा जास्त सहज गप्प बसतं. घरात धुसफूस झाली, लेकीच्या सासरच्यांवरून बोलणं वाढलं, ते दोन दोन दिवस तोंड फिरवून बसले, की काकू दुपारी जरा जास्तच शिवायच्या. एकदा हातात काम नव्हतं. जुन्या चादरीची चौघडी करून त्यांनी सुईखाली घातली आणि पाय मारत राहिल्या. सुईत दोरा नव्हता. नर्सबाई दारातून बघत म्हणाल्या, “काय गं, भुताचे कपडे शिवतेस?” काकू हसल्या. संध्याकाळी घरी भूकंपराव खुशीत होते, डाळीला चव आहे म्हणाले. काकूंना आपलीच शिसारी आली. पाय दुखत होते आणि हातात एक टाका पडलेला नव्हता.

शाळा उघडण्याआधी गणवेशांचा ढीग पडायचा. त्या दिवसांत डोंगर फार अस्वस्थ असतो, असं भूकंपरावांनी शोधून काढलं. उन्हाळ्याच्या अखेरीला पाणी खाली जातं, म्हणून, असं कारणही लावलं. त्यावर लेख लिहून वेधशाळेला पाठवला. काकूंनी तो पाकिटात घालताना पत्ता नीट आलाय ना, एवढंच बघितलं.

लेखाला उत्तर आलं नाही, पण काही वर्षांनी वेधशाळेची माणसं कमी पडायला लागली आणि घरगुती यंत्रांना आपल्या जाळ्यात घ्यायचं त्यांनी ठरवलं. ज्याचं यंत्र पसंत पडेल त्याचा वेधशाळेच्या नकाशावर एक ठिपका. भूकंपराव तोवर निवृत्त झाले होते. ठिपका हा शब्द घरात इतक्या वेळा उच्चारला गेला की काकूंना तो जेवणाच्या ताटातसुद्धा दिसायला लागला. ज्या माणसाला गल्ली हसली, कंपनीतले हसले, जावईसुद्धा तोंड वळवून हसला, त्याला त्या एका ठिपक्याने सगळं फेडायचं होतं. तपासायला वेधशाळेच्या मॅडम येणार होत्या, आपलं यंत्र घेऊन. ते यांच्या यंत्राशेजारी आठवडाभर ठेवायचं. दुपारचा कंप दोन्हींवर सारखा आला की ठिपका पक्का.

आदल्या दिवशी काकू वाळलेले कपडे घडी करत होत्या. आज सांगायचं, असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. परक्या माणसासमोर फजिती होण्यापेक्षा घरात झालेली बरी. शब्दही जुळवले होते. भूकंपराव आले आणि पलंगाच्या कडेवर बसले.

“आठवडाभर लेकीकडे जाऊन येतेस का?” ते म्हणाले.

काकूंनी विचारलं, दुपारी तर मी इथे नसतेच, तेवढं पुरत नाही का.

“दुपारी दिसतं, कारण दुपारी तू नसतेस. तू अजिबात नसलीस तर दिवसभर दिसेल.” मग त्यांना वाटलं असावं की हे जरा उघडं झालं. “तुझा त्रास असा नाही गं. पण तू आहेस हे यंत्राला कळतं.”

काकूंच्या हातात त्यांचाच शर्ट होता. त्यांनी त्याची घडी पुरी केली, कॉलर सरळ केली, वर ठेवला. एवढी वर्षं चवड्यावर चालून यंत्राला कळायचं ते कळतच होतं. जुळवलेले शब्द घशातून खाली गेले.

“बरं,” त्या म्हणाल्या.

त्या ‘बरं’चा अर्थ काय होतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रात्रीतून मन बदलायलाही वेळ होता. त्यांनी पिशवी भरली, अर्धे झालेले गणवेश दुसऱ्या शिवणाऱ्या बाईकडे दिले आणि सकाळच्या गाडीने लेकीकडे गेल्या.

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, गोंगाटाचं. खाली गॅरेज, वर कुणीतरी सारखं फर्निचर सरकवणारं. लेक त्या सगळ्या आवाजात चवड्यावर चालत होती. काकूंनी ते बघितलं आणि मान फिरवली. पहिल्या दिवशी भूकंपरावांचा फोन आला, मॅडम आल्या, यंत्र बसलं, अजून काही नाही पण येईल. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी आला.

“डोंगर गप्प बसलाय,” ते म्हणाले. “आत्ताच नेमका.”

काकूंनी या वाक्याची वाट बघितली होती. गाडीत बसल्यापासून बघितली होती. ते आलं तेव्हा मात्र वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही. जेवून घेता ना, असं त्यांनी विचारलं. लेक जवळच होती. बाबांना काय झालं म्हणाली. काही नाही, काकू म्हणाल्या, त्यांचा डोंगर झोपला. लेक म्हणाली, “मग आपण आता दार आपटू या का?” आणि दोघी हसल्या, जरा जास्तच.

आठवडा संपायच्या आत ‘ये’ म्हणून फोन आला. बोलावणं मॅडमचं होतं. मॅडम वयाने लहान, चिखलाचे बूट दाराबाहेर काढून येणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी जुन्या रेघा मागवून बघितल्या होत्या. मध्ये मध्ये काही आठवडे कंप अजिबात नव्हता. तेव्हा घरात काय वेगळं होतं, असं त्यांनी विचारलं. भूकंपरावांना आठवेना. फार खणल्यावर आठवलं, एकदा लेकीचं बाळंतपण होतं, एकदा मेहुणा वारला होता. दोन्ही वेळा बायको गावाला. इतकी वर्षं ते डोळ्यांसमोर होतं. पण ती कधी घरात नव्हती हे लक्षात ठेवायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

काकू आल्या तशा मॅडमनी त्यांना घरभर चालायला सांगितलं, टाचा आपटून. काकूंना ते जमेना, लाज वाटत होती. चालल्या. रेघेवर ठिपके सांडल्यासारखे उठले, पण तो पट्टा नाही. मग मॅडमनी विचारलं, घरात चाकाचं, पायाने चालणारं असं काही आहे का, पंप, काहीही.

भूकंपराव लगेच म्हणाले, नाही, पूर्वी एक शिवणयंत्र होतं, केव्हाच देऊन टाकलं.

मॅडम त्यांच्याकडे बघत नव्हत्या. “काकू?”

“दिलं नाही मी ते,” काकू म्हणाल्या. “पलीकडे आहे.”

काकू चपला घालून नर्सबाईंकडे गेल्या, शिवणयंत्राशी बसल्या, हाताला लागलेली एक चिंधी सुईखाली घातली. नर्सबाई विचारत राहिल्या काय झालं, काय झालं. काकू पाय मारत होत्या. थोड्या वेळाने मॅडम दारात आल्या. थांबा म्हणाल्या, फोनवर रेघ बघणाऱ्या कुणाशी तरी बोलल्या, आता चालवा म्हणाल्या. दोनदा, तीनदा. मग त्यांनी मान हलवली आणि विनाकारण म्हणाल्या, सॉरी काकू.

जाताना मॅडमनी भूकंपरावांना सांगितलं की त्यांचं यंत्र फार उत्तम आहे. भिंतीपलीकडचं पायाचं शिवणयंत्र खडकातून पकडणं सोपं नाही, आमच्याकडच्या कित्येक यंत्रांना ते जमणार नाही. अगदी मनापासून सांगितलं त्यांनी. ज्याच्या घरात कुणी वारलंय अशा माणसासारखे भूकंपराव हात जोडून ऐकत राहिले. ठिपक्याचं पुढे बघू, वेगळ्या जागी, असं म्हणून मॅडम गेल्या.

ते खोलीच्या उंबऱ्यावर बसले. काकू ओट्यापाशी उभ्या.

“मी दाखवत होतो आणि तू रोज बघत होतीस,” ते म्हणाले.

“हो.”

“गल्लीला माहीत होतं?”

“शिवते हे माहीत होतं. तुमच्या अंगावरचा शर्टसुद्धा माझाच आहे.”

त्यांनी बाही बघितली, शिवण चाचपली. “मला का नाही सांगितलंस?”

“दुपारी काय करतेस असं एकदा जरी विचारलं असतं, तरी सांगितलं असतं.”

ते विचारात पडले. काकू वाट बघत राहिल्या. त्यांना वाटलं की हे वाक्य बहुतेक पोचलं. मग भूकंपराव मान वर करून म्हणाले, असं करू. महिनाभर तू शिवण बंद ठेव. तुझं सगळं वजा झालं की मागे जे उरेल ते डोंगराचं.

नाही, काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही. आता नाही आणि पुढेही नाही. शिवणयंत्र चालणार, तुम्ही वजा कशातूनही करा.

हे उत्तर त्या घरात कुणी याआधी दिलेलं नव्हतं. भूकंपरावांनी दोन दिवस ते ऐकलंच नाही असं केलं. तिसऱ्या दिवशी सळई, वजन, चुंबक पोत्यात गुंडाळायला लागले. डोंगराच्या अर्ध्यावर वनखात्याच्या राखणदाराची एक रिकामी खोली होती. ओळखीने परवानगी मिळाली. आता सकाळी डबा घेऊन ते वर जातात, अंधार पडायच्या आत उतरतात. गुडघे कुरकुरतात, पण जातात. चहावाला गिऱ्हाइकांना सांगतो, रावांनी जन्मभर डोंगर राखला आणि भूकंप निघाला घरातच. पोरं काकूंना आता डोंगरकाकू म्हणतात. नर्सबाई म्हणाल्या, ने तुझं यंत्र परत, खोली मोकळी झाली की. काकू म्हणाल्या, नको. त्या खोलीत जाऊन बसावं असं आता काही राहिलेलं नाही.

वर गेल्यापासून ते रोज दुपारी फोन करतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “काय करतेस?”

काकूंचा पाय थांबला. त्या सांगायला लागल्या, निळ्या गणवेशाच्या बाह्या लावतेय, या वर्षी कापड फार निसरडं दिलंय शाळेने, सारखं हातातून...

“म्हणजे पाय चालू आहे ना,” ते मध्येच म्हणाले. “चालू ठेव जरा. हां. इथे रेघ सरळ आहे. तुझं इथवर येत नाही.” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून काकू लांबण लावत नाहीत. ते विचारतात, काय करतेस. त्या म्हणतात, शिवतेय. ते म्हणतात, बरं.

परवा काम नव्हतं. नर्सबाई दवाखान्यात गेल्या होत्या, रेडिओ बंद होता. काकू शिवणयंत्रासमोर हात मांडीत घेऊन नुसत्या बसल्या होत्या. फोन वाजला.

“काय करतेस?”

“शिवतेय,” त्या म्हणाल्या.

“बरं,” तिकडून आवाज आला. “इथे काहीच नाही.”

काकूंनी फोन ठेवला, उठल्या आणि शिवणयंत्रावर झाकण घातलं.